फ्रोझन कोळंबी घरी कशी करायची: पहिल्यांदा पाकीट आणणाऱ्यांसाठी

फ्रोझन कोळंबीबद्दल ऐकू येणाऱ्या तक्रारी तीनच असतात. रबरासारखी झाली, रश्शाला पाणी सुटलं आणि चव काही लागलीच नाही. तिन्हींचं खापर फुटतं कोळंबीच्या माथी. बहुतेक वेळा झालेलं मात्र वेगळंच असतं. ताज्या कोळंबीची घरात चालत आलेली कृती पाकिटातल्या कोळंबीला जशीच्या तशी लावलेली असते. आधी कोळंबी मसाल्यावर परतायची, मग वाटण, मग पाणी, मग झाकण ठेवून "चांगलं शिजू द्यायचं". सकाळी बाजारातून आणलेल्या कोळंबीला हे एक वेळ चालून जातं. पाकिटातल्या कोळंबीच्या अंगावर बर्फ असतो, आतही पाणी धरलेलं असतं. तिच्यासाठी क्रम उलटा करावा लागतो. पाणी आधी काढायचं, मसाला आणि रस्सा आधी पूर्ण शिजवून घ्यायचा आणि कोळंबी अगदी शेवटी टाकायची. पुढचं सगळं याच क्रमाभोवती आहे.

जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीचे भाव विचारायची सोय नसते. नागपूर-सोलापूरकडे तर बाराही महिने समुद्र लांबच. परदेशात राहणाऱ्यांना फ्रीझरशिवाय दुसरा कोळीवाडा नाही. या सगळ्यांना पाकीट नीट हाताळता आलं तर आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी अर्ध्या तासात कालवण होतं.

पाकीट निवडताना

आधी रंग बघा. कच्ची कोळंबी करडी, थोडी पारदर्शक दिसते. गुलाबी-केशरी दिसली तर ती शिजवून मग गोठवलेली आहे. परदेशातल्या दुकानांत ही शिजलेली कोळंबी सर्रास मिळते आणि आपली मंडळी ती कच्ची समजून कालवणात दहा मिनिटं उकळतात. ती फक्त गरम करायची असते. पहिल्यांदा करत असाल तर कच्चीच घ्या. मसाला तिच्यातच नीट मुरतो.

मग पाकीट हलवून बघा. आयक्यूएफ लिहिलेलं असेल, म्हणजे प्रत्येक नग सुटा गोठवलेला असेल, तर आत खडखड वाजलं पाहिजे. सगळा एकच गोळा झाला असेल आणि कोपऱ्यात बर्फाचे खडे साठले असतील तर ते पाकीट वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलं आहे. वीज गेली असेल, गाडी उन्हात थांबली असेल, कारण काहीही असो, ते पाकीट परत ठेवा. (मुद्दाम लादीत गोठवलेली ब्लॉक कोळंबीही मिळते. तिची गोष्ट वेगळी, पण ती सगळी एकदम सोडवावी लागते, म्हणून दोघा-चौघांच्या घरात गैरसोयीची.) कोळंबीवर पांढरे, कोरडे, खडूसारखे डाग दिसले तर ती फ्रीझरमध्ये सुकली आहे. खाल्ल्याने अपाय नाही, पण ती चिवटच लागणार.

३१/४०, ४१/५०, २६/३० असे आकडे असतात. हा काउंट, म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, किती नग बसतात ते. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. ३१/४० म्हणजे एक नग साधारण ११ ते १५ ग्रॅमचा, कालवणाला आणि भाताला अगदी बेताचा. एक घोळ मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे कोळंबीच्या तळ्यांवर काउंट किलोवर मोजतात. तिथल्या ४० काउंटची कोळंबी २५ ग्रॅमची भरते, पौंडावरच्या ४० काउंटची जेमतेम ११ ग्रॅमची. पाकिटावर पौंड की किलो, हे वाचल्याशिवाय भाव ताडून बघू नका.

भारतात पाकिटातून मिळणारी बहुतेक कोळंबी वन्नामेई जातीची, तळ्यात वाढवलेली असते. मूळची ही प्रशांत महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची. आपल्याकडे तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशाने त्यात सगळ्यांना मागे टाकलं. चवीला ती सौम्य, थोडी गोडसर असते. समुद्रातल्या कोळंबीचा दर्प तिला नसतो. काहींना हेच आवडतं, कोकणातल्या माणसाला हेच खटकतं. त्यावरचा उपाय पुढे कालवणात येईल.

आता घटकांची ओळ. "कोळंबी, मीठ" एवढंच असेल तर उत्तम. ई ४५१ किंवा ट्रायफॉस्फेट लिहिलेलं असेल तर कोळंबीला पाणी धरून ठेवणारं क्षार लावलेलं आहे. अशी कोळंबी कच्ची असताना टपोरी, तुकतुकीत दिसते आणि कढईत पडली की पाणी सोडून अंग चोरते. ही घेतलीच तर एरवीपेक्षा निम्मं मीठ घाला आणि चाखूनच वाढवा. मेटाबायसल्फाइट हा आणखी एक घटक दिसेल. टरफल काळं पडू नये म्हणून तो लावतात. दम्याच्या काही रुग्णांना तो सोसत नाही, घरात कुणी असेल तर ओळ वाचूनच पाकीट उचला.

निव्वळ वजनात बर्फाचा थर धरलेला नाही ना, तेही बघा. "ग्लेझ वगळून" असं लिहिलेलं पाकीट थोडं महाग दिसलं तरी हिशेबात स्वस्त पडतं. खात्री करायची तर एकदा बर्फ सोडवून, निथळून घरच्या काट्यावर तोला.

सोललेली की टरफलासकट? घाईच्या दिवसासाठी सोललेली, दोरा काढलेली, म्हणजे पाकिटावर पीडी लिहिलेली. पीयूडी म्हणजे सोललेली, पण दोरा आतच. रविवारसाठी मात्र मी टरफलाचीच सुचवेन, डोकं काढलेली. टरफलाखाली मांस सुकत नाही, शिवाय टरफलांचा उपयोगही होतो.

बर्फ सोडवणं

सर्वात चांगली पद्धत आळशाची आहे. रात्री हवी तेवढी कोळंबी चाळणीत काढा, चाळणी खोल भांड्यावर ठेवा, वर झाकण आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सुटलेलं पाणी खाली गळतं आणि कोळंबी त्यात बसून राहत नाही. सकाळी तयार. अशी सोडवलेली कोळंबी त्याच दिवशी संपवा.

पाहुणे दारात असतील तर कोळंबी न गळणाऱ्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून गार पाण्यात बुडवा. २० ते ३० मिनिटांत होते, मध्ये एकदा पाणी बदला. पिशवीशिवाय थेट पाण्यात टाकली तर चव पाण्यात जाते आणि पाणी कोळंबीत. कोमट पाणी नको, मायक्रोवेव्ह नको आणि सकाळी ओट्यावर काढून ऑफिसला जाणं तर नकोच. बाहेरून वितळलेला भाग तासन् तास उबेत राहिला की जंतूंची चैन होते.

पाकीट व्हॅक्यूमचं असेल तर फ्रीजमध्ये सोडवायला ठेवण्याआधी त्याचा कोपरा कापा. हवा नसलेल्या पाकिटात, पुरेशी थंडी नसेल तर, विषारी जंतू वाढण्याची शक्यता असते.

सुटल्यावर वास घ्या. समुद्राचा हलका वास हवाच. अमोनियाचा, नाकात झणझणणारा वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागली तर पैशांचा विचार न करता टाकून द्या. टरफलावर नुसते काळे ठिपके असतील तर घाबरू नका. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच जातीची ती क्रिया आहे.

दोरा काढणं

टरफलाची कोळंबी अर्धी सुटलेली असतानाच सोलायला घ्या. पूर्ण मऊ झाल्यावर मांस फाटतं. पायांच्या बाजूने अंगठा घालून टरफल पाठीकडे उलगडायचं, शेपटीचं शेवटचं पेर हवं तर ठेवायचं. मग पाठीवर उथळ चीर द्या, वरच दिसणारा काळा दोरा सुरीच्या टोकाने उचला आणि सबंध ओढून काढा. अख्खी ठेवायची असेल तर पाठीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पेरामधून टूथपिक घालून दोरा वर उचलता येतो. हा दोरा म्हणजे तिचं आतडं. मोठ्या कोळंबीत राहिला तर दाताखाली कचकच येते. पोटाच्या बाजूला पांढरट दोरा दिसतो तो काढायची गरज नाही.

मी चीर देण्याच्या बाजूची आहे, दोरा आधीच काढलेला असला तरी. कारण पुढे कळेल.

पुसणं

हीच पायरी सगळे गाळतात. कोळंबी पटकन धुवा, निथळा, स्वच्छ फडक्यावर किंवा टिश्यूवर पसरा, वरून दुसरा कागद दाबा. कागद ओला झाला की बदला. हात लावल्यावर कोळंबी ओलसर लागावी, ओली नाही. ओली कोळंबी तापल्या तव्यावर पडली की तवा निवतो, कोळंबी आपल्याच पाण्यात उकडते आणि ते पाणी आटेपर्यंत ती रबर होऊन बसते.

पुसल्यावर हळद, मीठ आणि थोडी आलं-लसणाची गोळी. दहा मिनिटं, बस्स. मीठ लावून तासभर ठेवली की पुन्हा पाणी सुटतं. लिंबू किंवा आगळ लावून तासभर ठेवणं त्याहून वाईट, आंबटाने मांस आधीच आकसतं. आंबट नंतर रश्शात जातंच आहे.

हॉटेलातल्यासारखी करकरीत हवी असेल तर ४०० ग्रॅम कोळंबीला पाव चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चोळून २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, धुवा, पुसा. फॉस्फेटवाल्या पाकिटाला हे करू नका. कालवणासाठीही याची गरज नाही.

पहिला हात: तव्यावरची लसूण कोळंबी

कालवणाच्या आधी एकदा ही करून बघा. कोळंबी कधी शिजते ते डोळ्यांना दिसतं. रश्शात बुडालेली असताना दिसत नाही.

बिडाचा तवा चांगला तापवा, दोन चमचे तेल, आच मोठी. कोळंबी एकाच थरात, एकमेकीला न चिकटवता मांडा. तवा लहान असेल तर दोनदा करा. आता ढवळू नका. कडेने गुलाबी रंग वर चढायला लागतो. कच्च्या कोळंबीत हा रंग एका प्रथिनाला बांधलेला असतो, उष्णतेने ते प्रथिन सैल पडलं की मोकळा होतो. पण रंग आला म्हणजे शिजली असं नाही, रंग लवकर येतो. बघायचं ते पाठीवरच्या चिरेत. तिथे मांस सर्वात जाड असतं आणि चीर उघडली की आतलं दिसतं. काचेसारखा करडेपणा जाऊन तिथे दुधाळ पांढरं झालं की त्या क्षणी उतरवायची. ३१/४० मापाला एका बाजूने दीड मिनिट, उलटून एखादं मिनिट पुरतं. कोळंबी अर्धगोल वळलेली हवी. शेपूट डोक्याला टेकून पूर्ण कडं झालं तर जास्त झाली.

थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सियस पुरेसे.

कोळंबी ताटलीत काढा. त्याच तव्यावर थोडं तेल, आच मंद, दहा-बारा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, लसूण सोनेरी झाली की पाव चमचा लाल तिखट, आणि लगेच कोळंबी परत. दोनदा वरखाली, कोथिंबीर, लिंबू, बंद. लसूण आधी घालायचा मोह होतो, पण कोळंबीला लागणाऱ्या आचेवर लसूण करपते.

कालवण

चौघांसाठी: निथळलेली कोळंबी ४०० ग्रॅम. वाटणाला एक वाटी ओलं खोबरं, पाच-सहा भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, एक चमचा धणे, इंचभर आलं, चार लसूण पाकळ्या, हळद. एक कांदा, चार-पाच आमसुलं, शिवाय फोडणीला सात-आठ लसूण पाकळ्या. खोबरं ताजं नसेल तर फ्रोझन किसही चालतो. पाकिटातली कोरडी पूड मात्र रवाळ लागते.

टरफलाची कोळंबी आणली असेल तर टरफलं फेकू नका. पातेल्यात चमचाभर तेलावर ती लालसर होईपर्यंत परता, दोन भांडी पाणी घाला, पंधरा मिनिटं उकळा, गाळा. रश्शाला साध्या पाण्याऐवजी हे पाणी. वन्नामेईचा फिकेपणा यानेच निम्मा जातो. सोललेली आणली असेल तर दुसरी युक्ती: चमचाभर सुका जवळा निवडून कोरडा भाजा, कुटा आणि वाटणात घाला. जवळा आहे हे खाणाऱ्याला कळणार नाही, पण "आज कोळंबी ताजी मिळाली का?" असं विचारतील.

तेलात लसूण ठेचून टाका, लालसर झाली की कांदा. कांदा मऊ झाल्यावर वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत परता. पाच-सात मिनिटं लागतात, घाई नको. कोळंबी आत गेल्यावर मसाल्याचा कच्चेपणा काढायला वेळ मिळणार नाही, तो आत्ताच गेला पाहिजे. घरचा मालवणी किंवा आगरी-कोळी मसाला असेल तर चमचाभर इथेच. मग टरफलांचं पाणी, बेताचं मीठ. शेवग्याच्या शेंगा, वांगं-बटाटा किंवा कैरीच्या फोडी घालायच्या तर आता, आणि त्या पूर्ण शिजवा. कैरी असेल तर आमसुलं कमी करा. शेवटी आमसुलं टाकून रस्सा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळू द्या. चाखा. आहे तसा भाताबरोबर खाता येईल इतका तो तयार हवा, फक्त किंचित दाट, कारण कोळंबी थोडं पाणी सोडणारच.

आता कोळंबी. ढवळा, आच मध्यम, रश्शाच्या कडेला बुडबुडे आले की घड्याळ लावा. ६१/७० मापाची असेल तर दोन मिनिटं, ३१/४० ला तीन, १६/२० ला चार ते पाच. गॅस बंद, झाकण, दोन मिनिटं तसंच. झाकणाखाली उरलेली कसर भरून निघते. बारीक कोळंबीला गॅस बंद केल्यावर झाकणही घालत नाही मी.

तिरफळ घालावं का? बांगड्याला हवंच, कोळंबीला माझ्या मते नको. गोडसर चवीवर ते चढून बसतं. यावर घरोघरी वाद आहेत, आपलं घर बघून ठरवा.

भात आणि रवा फ्राय, थोडक्यात

कोळंबी भात करताना कोळंबी कुकरात शिट्टीला लावू नका. मसाल्यावर अर्धं-एक मिनिट परतून बाजूला काढा, त्याच मसाल्यात तांदूळ परतून टरफलांच्या पाण्यात मोकळा शिजवा. भातात थोडंसंच पाणी राहिलं की कोळंबी वरून पसरा, घट्ट झाकण, अगदी मंद आच, पाच मिनिटं. वाफेवर शिजते.

रवा फ्रायला मोठी, शेपटीची कोळंबी घ्या, पुसलेलीच. हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून दहा मिनिटं, मग दोन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचं पीठ यात घोळवून पुन्हा पाच मिनिटं ताटात ठेवा, म्हणजे रवा तव्यावर सुटत नाही. तेल बऱ्यापैकी घाला. कमी तेलात रवा करपतो आणि कोळंबी कच्ची राहते.

वाढण्याआधी आणि नंतर

घरी कुणी पहिल्यांदाच जेवायला येत असेल तर कोळंबी चालते का, हे आधी विचारा. आवडीचा प्रश्न नाही. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असणाऱ्याला एक तुकडाही महाग पडू शकतो, आणि ज्या प्रथिनामुळे ती होते ते शिजवल्याने नाहीसं होत नाही. त्याच तेलात तळलेला पापडही मग त्यांना नको.

कच्च्या कोळंबीची पाटी, सुरी आणि निथळलेल्या पाण्याचं भांडं साबणाने धुवून मगच कोशिंबिरीला हात लावा.

कालवण उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना कोळंबी झाऱ्याने बाहेर काढा, रस्सा खळखळून उकळा, मग कोळंबी परत टाकून ती आतपर्यंत गरम होईल इतकाच वेळ ठेवा. पाकिटातली उरलेली कोळंबी मुळात बाहेर काढायचीच नाही. हवी तेवढी ओंजळीने घ्या, पाकिटातली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा, वर तारीख लिहा आणि पाकीट फ्रीझरच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नाही. महिना-दोन महिन्यांत संपवा. एकदा बर्फ सुटलेली कच्ची कोळंबी पुन्हा गोठवू नका. जास्त काढली गेलीच असेल तर त्याच दिवशी लसूण घालून तव्यावर परता, दुसऱ्या दिवशी पोळीत गुंडाळून डब्याला नेता येते. फक्त ऑफिसात फ्रीज असेल तरच.